रद्दीत गेलेला वारा

फोन आला तेव्हा चारुता दिघे बारावीच्या मुलांना लोलकाचं गणित समजावत होती. नवीन पनवेलमधल्या त्या लहान फ्लॅटच्या हॉलचा अर्धा भाग कित्येक वर्षांपासून तिच्या शिकवणीचा होता. फळा, दोन लांब बाकं आणि कोपऱ्यात तिची खुर्ची. शिकवताना ती फोन घेत नसे. पण पुण्याचा नंबर सारखा वाजत राहिला, म्हणून तिनं घेतला.

"चारुता प्रधान बोलताय का?"

माहेरचं नाव ऐकून तिला क्षणभर कळेचना की आपल्यालाच विचारतायत. ती उठून गॅलरीत गेली.

पलीकडे सत्यजीत नावाचा तरुण संशोधक होता. जुन्या जहाजांच्या लॉगबुकांवरून, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदींवरून, अरबी समुद्रावरचे मोसमी वारे पूर्वी कसे होते, हे शोधायचं काम तो करत होता. एका जुन्या परिषदेतला निबंध त्याच्या हाती लागला होता. लेखक कारखानीस सर. शेवटी एक ओळ होती, की मुंबईच्या एका बंद पडलेल्या जहाज कंपनीच्या लॉगबुकांमधल्या नोंदी उतरवून घेण्याचं सगळं काम कु. चारुता प्रधान यांनी केलं.

"तुम्हाला शोधायला मला चार महिने लागले, मॅडम," तो हसत म्हणाला. "उपग्रह यायच्या आधी भर समुद्रातला वारा बघून लिहिणारं जहाजांशिवाय दुसरं कोण होतं? त्यातही दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतल्या नोंदी जगभरात फार थोड्या सापडतात. तुमच्या वह्यांमध्ये नेमकी ती वर्षं आहेत."

"आणि मूळ लॉगबुकं?"

"कंपनीच्या गोदामाच्या जागी टॉवर झालाय. कागद कुठे गेले ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तर तुमच्या वह्या. आहेत ना तुमच्याकडे?"

चारुतानं आत बघितलं. मुलं खुसखुसत होती. वह्या नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. कधी गेल्या, कशा गेल्या, तेही माहीत होतं. पण सत्यजीतच्या आवाजात एवढी आशा होती, की तिच्या तोंडून निघून गेलं, "बघते हं. शोधून सांगते."

त्या दिवशी तिनं लोलकाचं गणित दोनदा चुकवलं.

एमएस्सी झाल्यावर चारुतानं कारखानीस सरांकडे पीएचडीसाठी नाव घातलं होतं. ते नव्वदच्या आसपासचं साल. हवामान बदलाचं नाव तेव्हा फारसं कुणी घेत नसे. सरांना मात्र वाटे, की भारतातल्या पावसाचा वारा समुद्रावरून येतो आणि त्या समुद्राचा इतिहास गोदामांत कुजत पडलाय. त्यांनी खटपट करून परवानगी काढली आणि चारुता माझगावच्या त्या गोदामात जाऊ लागली. कंपनीची मालवाहू जहाजं एके काळी मुंबईहून एडनला आणि आफ्रिकेला जात, भर पावसाळ्यातसुद्धा. दर चार तासांनी जहाजावरचा अधिकारी लिही: जहाज कुठे आहे, वारा कोणत्या दिशेनं, त्याचा जोर किती, हवेचा दाब किती. बादलीनं पाणी वर ओढून त्याचं तापमानही घेतलेलं असे. वारा मोजायला यंत्र नसे. समुद्राकडे बघायचं आणि शून्य ते बारा यांतला आकडा लिहायचा. फेसाची तुरळक टोकं दिसली की तीन. फेसाच्या रेघा वाऱ्याबरोबर ओढल्या जायला लागल्या की सात.

चारुता ते आकडे वह्यांमध्ये उतरवून घेई. गोदामाची वीज कधीच कापली होती. छपराच्या फुटक्या काचेतून उजेड येई तेवढाच. पहारेकरी काशिराम म्हात्रे चिरनेरच्या बाजूचा. तो तिच्यासाठी खिडकीपाशी खोकं मांडून ठेवी आणि दुपारी डब्यातला सुका बोंबील पुढे करी. "खा गो बाई. कागद खाऊन पोट भरत नाय."

जाड, मीठ लागलेली, कडक झालेली ती पुस्तकं उघडताना तिला छान वाटे. एका जूनमध्ये कुठल्याशा अधिकाऱ्यानं आकड्यांच्या बाजूला लिहिलं होतं, की पावसात जहाजाचं नाक दिसत नाही आणि डेकवरच्या कोंबड्या वाहून गेल्या. दुसऱ्यानं एका शांत दुपारी नुसतंच लिहिलं होतं, की वारा नाही, समुद्र तेलासारखा. लिहिणारी माणसं कधीच गेली होती. तो दिवस मात्र तिच्या हाताखाली होता.

एकदा काशिराम म्हणाला, "बाई, यातली चांगली चांगली घरी न्या ना. कोन इचारतंय? हितं वाळवी खाईल."

"नको काका. कंपनीची मालमत्ता आहे. मला फक्त उतरवून घ्यायची परवानगी आहे."

"कंपनी हाय कुठं?" काशिराम म्हणाला. पण तिनं नेली नाहीत. तिला स्वतःच्या प्रामाणिकपणाचा तेव्हा अभिमान वाटला होता.

तीन वर्षांनी वह्यांनी एक ट्रंक भरली आणि मांडणी करायची वेळ आली. तिथे चारुता अडकली. आकडे जुळेनात. एकाच आठवड्यात, समुद्राच्या जवळपास एकाच भागात, एका जहाजानं वाऱ्याचा जोर पाच लिहिला होता आणि दुसऱ्यानं सात. घाबरट कोण आणि बेफिकीर कोण, हे कसं ठरवायचं? सर म्हणाले, "हेच तर काम आहे, चारुता. एकेका माणसाची नजर ओळखायची. मग त्याचा आकडा सुधारायचा. घाई कशाला?" वर्षभर ती झगडली, मूळ नोंदी पुन्हा तपासायला गोदामातही जात राहिली. हाती काही लागलं नाही. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी नोकऱ्यांना लागल्या होत्या. आपण मूर्खासारखे मेलेल्या माणसांचे आकडे मोजतोय, असं तिला वाटू लागलं. आणखी एक गोष्ट तिला वाटे, ती तिनं कुणालाच सांगितली नाही: आपल्याला हे जमणार नाही.

त्याच सुमारास कुमारचं स्थळ आलं. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात तो शिफ्ट इंजिनिअर होता. बोलणं कमी. लग्न झालं आणि दोघं जुन्या पनवेलमध्ये भाड्याच्या जागेत राहू लागली. कुमारनं सुताराकडून एक टेबल करून घेतलं आणि खिडकीपाशी ठेवलं. "तुझ्या कामाला," म्हणाला. चारुतानं त्या टेबलावर कपड्यांना इस्त्री केली. सरांची दोन पत्रं आली. तिनं उत्तर दिलं नाही. मग रेवा झाली आणि सांगायला कारण मिळालं.

"पीएचडीचं काय झालं गं?" लग्नाकार्यात कुणी विचारी. ती म्हणे, "संसारात राहून गेलं." बायका हळहळत. एखादी आवाज खाली करून विचारी, "कुमाररावांना नको होतं का?" चारुता हो म्हणत नसे. नाहीही म्हणत नसे. नुसती हसे. त्या हसण्याचा अर्थ ज्याला जो लावायचा तो त्यानं लावला. पुढे आपल्याला जमत नव्हतं हे आठवण्यापेक्षा, आपल्याला करू दिलं नाही हे आठवणं सोपं वाटू लागलं. रेवा हेच ऐकत मोठी झाली.

नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये यायला जुनी जागा सोडली तो दिवस तर चारुताला स्वच्छ आठवत होता. दाराशी टेम्पो उभा होता. कुमारनं वह्यांची ट्रंक उचलून टेम्पोत ठेवली होती. ती म्हणाली, "ती उतरवा. वह्या रद्दीला देऊ. ट्रंकेत रजया मावतील."

"अगं, तीन वर्षांचं काम आहे तुझं. राहू दे ना, माळ्यावर टाकू."

"माझं आहे ना? मग मी ठरवते."

रद्दीवाल्यानं गठ्ठे बांधले. कुमार बाजूला उभा राहून बघत होता. शेवटची वही त्यानं हातात घेतली, उघडली, आणि तिच्याकडे एकदा बघून परत ठेवली.

सत्यजीतच्या फोननंतरच्या शनिवारी रेवा ठाण्याहून आली. ती एका कंपनीत नोकरी करायची आणि महिन्यातून एकदा आईबाबांकडे यायची. जेवताना चारुतानं फोनचं सांगितलं. वह्या कुठे गेल्या ते नाही सांगितलं, नुसतं म्हणाली, "मिळत नाहीयेत."

रेवानं ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे इतक्या मोठ्या कामाच्या होत्या त्या! आई, तू आज कुठे असतीस! बाबा, बघताय ना? कुणीतरी हिला तेव्हा दोन वर्षं नीट काम करू दिलं असतं तर..."

कुमारनं भात कालवला. दोन घास खाल्ले. मग उठला, हात धुतले आणि झाडांना पाणी घालायला गॅलरीत गेला. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

बोलायची वेळ तीच होती. चारुतानं आमटीचं भांडं झाकलं आणि म्हणाली, "उद्या मला चिरनेरला नेशील का? एक माणूस शोधायचाय."

तिला काशिराम आठवला होता. घरी न्या म्हणणारा माणूस. न जाणो, त्यानंच काही नेलं असलं तर!

रविवारी सकाळी मायलेकी निघाल्या. विमानतळासाठी कापलेल्या टेकड्या मागे गेल्या, कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली. चिरनेरच्या नाक्यावर विचारलं, पहिल्याला माहीत नव्हतं, दुसऱ्यानं घर सांगितलं, "माजगावच्या गोदीत वाचमन व्हता तोच ना? जा सरळ, पुढच्या पाड्यात, निलं घर."

काशिराम ओटीवर खुर्चीत बसला होता. ऐंशीच्या घरातला, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"गोदामातली बाई," चारुता म्हणाली. "प्रधान."

"अगो!" तो उठू लागला, तिनं त्याला बसवलं. "वलखलं नाय मी. केस पिकले तुमचे! कमळा, पानी आन गो. माझ्या गोदामाची बाई आली."

त्याची सून कमळाबाई पाणी घेऊन आली. चारुतानं हळूहळू विचारलं. काशिराम मान हलवत राहिला. गोदाम रिकामं करायला माणसं आली तेव्हा तो तिथेच होता. म्हणाला, "फावड्यानं भरली बुकं ट्रकात. मी म्हनलं, यातली थोडी मना द्या, आमची बाई येनार हाय. हसली समदी. मी दोन गोनी भरून रातची लाँच पकडली नि हितं आनली. तुमचा पत्ता नव्हता माझ्याकडं. मनात म्हनलं, बाईला गरज लागली तं बाई येईलच."

चारुता ओटीच्या कडेला टेकली.

"लय वर्सं ठेवली व्हती बघा. मग पावसाचं पानी शिरलं घरात. कुजली. वास यायला लागला."

"मीच चुलीत घातली, ताई," कमळाबाई ओशाळून म्हणाली. "मला काय ठाव? एक हाय, ते दिपिकाच्या पेटीत. तिला वही नसायची ना, तं मागच्या कोऱ्या पानांवर गनितं करायची ती."

दिपिका म्हणजे काशिरामची नात, आता उरणच्या दवाखान्यात नर्स होती. कमळाबाईनं पेटीतून ते लॉगबुक आणलं. पुठ्ठा अर्धा गेलेला, सुरुवातीची पानं नाहीत, मधली काही चिकटलेली. कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीनं वजाबाक्या. आणि दुसऱ्या बाजूला ते तिरकं, बारीक अक्षर, एकोणीसशे त्रेचाळीसचा जून. हे पुस्तक चारुतानं पूर्वी उतरवलेलं होतं. पानाच्या कडेला तिनंच तेव्हा केलेली पेन्सिलीची बारीक खूण होती.

"न्या आता तरी," काशिराम म्हणाला. मग रेवाकडे वळून, "ही तुमची पोरगी? बापावानी हाय तोंड. जावईबापू बरे हायत ना? भला मानूस. लगीन ठरलं तवा आलता गोदामात, रातपाळी करून. दीसभर बॅटरी धरून उभा! मी म्हनलं, बसा जरा. तं म्हनतो, बसलो तं उजेड हालतो."

रेवानं आईकडे बघितलं.

दोघी परत निघाल्या. पुढे ट्रेलर आडवा होऊन रस्ता अडला, तेव्हा रेवानं इंजिन बंद केलं. "बाबा तिथे येऊन बॅटरी धरायचे?"

"एकदा नाही. तीन-चार वेळा आले होते."

"मग अडवलं कुणी तुला?"

"कुणी नाही," चारुता म्हणाली. मांडीवर ते पुस्तक होतं. "मला जमत नव्हतं, रेवा. मी घाबरले आणि सोडून दिलं. वह्यासुद्धा मीच रद्दीत घातल्या. ते नको म्हणत होते."

"आणि इतकी वर्षं मी जे बोलत आले बाबांना? तू समोर असायचीस प्रत्येक वेळी. कालसुद्धा होतीस."

"होते."

रेवा पुढच्या काचेतून बघत राहिली. मागून हॉर्न वाजू लागले तरी तिनं गाडी लगेच सुरू केली नाही.

घरी आल्यावर ती बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली, काही बोलायचं होतं, पण म्हणाली ते एवढंच, "चहा करू, बाबा?" कुमारनं चष्म्यावरून बघितलं. "तू कधीपासून चहा करायला लागलीस?" चहा फार गोड झाला होता. त्यानं सगळा प्यायला. संध्याकाळी रेवा ठाण्याला गेली, जाताना आईशी फारसं बोलली नाही.

दोघंच उरल्यावर चारुता म्हणाली, "मी रेवाला सगळं सांगितलं. वह्यांचं. तेव्हाचं."

कुमार पेपरची घडी घालत होता. "कशाला आता? जुनं झालं ते."

"तुम्ही कधी बोलला का नाहीत? एवढं ऐकून घेतलंत."

त्यानं पेपरची घडी पुरी केली. तिला वाटलं, आता नेहमीसारखा उठून जाईल. पण तो म्हणाला, "आधी वाटायचं, लोकांपुढे तुला खोटं कशाला पाडायचं. नंतर तू ते इतक्या वेळा बोललीस, की मला वाटायला लागलं, असेलही. माझ्या शिफ्टा होत्या, दर आठवड्याला वेळ बदलायची, घरात तू एकटी. टेबल करून दिलं म्हणजे काम होतं असं थोडंच आहे? कुठेतरी माझंच चुकलं असेल. मी ते धरूनच चाललो."

लोकांपुढे आपण एक सोयीचं खोटं बोलतो, एवढंच चारुताला वाटत आलं होतं. या माणसानं ते खरं मानलं असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली.

"बरं," कुमार म्हणाला. त्यानं पेपर टीपॉयच्या खाली ठेवला आणि दिवा बंद करायला उठला. तीस वर्षं धरलेली गोष्ट एका वाक्यानं सुटत नाही, हे त्याच्या त्या 'बरं'वरून तिला कळलं.

सोमवारी तिनं सत्यजीतला फोन केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. वह्या हरवल्या नाहीत, मी रद्दीत घातल्या. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, जीभ रेटली नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग चांगल्या घरच्या मुलासारखं म्हणाला, "असू दे मॅडम. तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"कारखानीस सरांना माहीत होतं," ती म्हणाली.

एकुलतं एक पुस्तक मिळालंय म्हटल्यावर मात्र तो खुलला. चारुतानं शिकवणीच्या दोन बॅच बंद केल्या आणि नोंदी उतरवायला बसली. चिकटलेली पानं वाफ देऊन सोडवली, त्यातलं एक फाटलंच. डोळ्यांना आता बारीक अक्षर झेपत नव्हतं. एका संध्याकाळी एक आकडा लागेना, तेव्हा तिनं कुमारला हाक मारली. तो येऊन वाकला.

"सात आहे."

"मला एक वाटतोय."

"मग जागा सोड. दिसत नाही ते लिहू नको," तो म्हणाला आणि पुन्हा बातम्या बघायला गेला. पूर्वी बॅटरी धरून उभा राही, तसा तो शेजारी थांबला नाही. तिनंही थांबा म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं.

रेवा दर रविवारी बाबांना फोन करू लागली. दोघांनाही बोलायची सवय नव्हती. पाऊस, पेट्रोल, गुडघा एवढं झालं की, "आईला देऊ?" आणि रेवा म्हणायची, "नको, राहू दे, नंतर करते."

दोन महिन्यांनी सत्यजीतनं एक नकाशा पाठवला. त्रेचाळीसच्या जूनमधला अरबी समुद्र. चारुतानं दिलेल्या नोंदींचे बाण त्यावर लाल रंगात होते, एडनपासून मुंबईपर्यंत तुटक तुटक आलेली एक ओळ. त्यानं लिहिलं होतं, की त्या महिन्यात वारा आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा बराच मंद दिसतोय. पण एका जहाजावर काही ठरवता येत नाही. लिहिणारा अधिकारी कमीच आकडा लिहिणारा असेल तर? ताडून बघायला आजूबाजूची आणखी जहाजं हवी होती.

त्या महिन्यात कंपनीची आणखी जहाजं समुद्रात होती. एक लाल ओळीच्या खालून आफ्रिकेकडे गेलं होतं, एक बहुधा आठवड्यानं मागून आलं होतं. त्यांची पुस्तकं तिनं त्या फुटक्या काचेखाली उघडली होती, एकेक आकडा स्वतःच्या हातानं वहीत लिहिला होता. चारुतानं मोबाइलवर नकाशा बोटांनी मोठा केला. लाल ओळीच्या दोन्ही बाजूंना समुद्र कोरा होता. तिथे तेव्हा वारा कसा होता हे एके काळी तिला माहीत होतं. ती डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करत राहिली. दिशा, जोर, काहीतरी. शिकवणीची मुलं बेल वाजवत होती. तिला एकही आकडा आठवला नाही.